माशीवाले आणि गांडूळवाले

दिवाळीच्या अंकात मासे धरण्याचा विषय काढल्याबद्दल माळकरी वाचकांची प्रथम क्षमा मागतो. परंतु दोष माझा नाही, माझ्या भाच्याचा आहे. कोलोरॅडोत नोकरीला असलेले हे चिरंजीव गेल्या दिवाळीत आमच्या गारखेड्याच्या घरी एक लांबलचक नळकांडे घेऊन आले. त्यातून काठी निघाली आणि वसुबारसेच्या सकाळी गच्चीवर फ्लाय फिशिंगचा सराव सुरू झाला. गोदावरी तिथून पन्नास किलोमीटरवर, पैठणला! तिसऱ्याच फेकीला त्याची पिसांची माशी शेजाऱ्यांच्या आकाशकंदिलात रुतली.

कंदील फाटला त्याचे मला काही वाटले नाही. नवा मीच आणून दिला. पण नंतर तो म्हणाला, "मामा, गांडूळ लावून बसणं ही नुसती मासेमारी. ही कला आहे." ते मात्र मला लागले.

वास्तविक फरक साधा आहे. आमच्या गळाला शिसे आणि आमिष यांचे वजन असते; ते पुढे जाते आणि बारीक दोरा त्याच्यामागे ओढला जातो. पिसांच्या माशीला वजनच नाही, म्हणून जाड, जड दोरीच डोक्यावरून मागेपुढे झुलवून फेकावी लागते. हे कठीण आहे, दिसते देखणे, हे मी मोकळेपणी कबूल करतो. परंतु कठीण ते श्रेष्ठ, हा न्याय कोणता? तसे म्हटले तर डाव्या हाताने जेवणारा मोठा कलावंत ठरेल.

हा सोवळेपणा आला इंग्लंडातून. तिथल्या नितळ ओढ्यांवर हॅलफर्ड नावाच्या गृहस्थांनी माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे असा दंडक घातला. स्क्यूज नावाच्या वकिलाने ती थोडी बुडवली, तर १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर वादसभा भरली! माशीवाल्यांतच एवढी शिवाशिव, तिथे आमचे गांडूळ कोणत्या पंक्तीला बसणार?

बरे, ट्राउट वाहत्या थंड पाण्यातले किडे टिपतो. त्याला माशी दाखवणे शहाणपणाचे. त्याच्यासाठी साहेबाने १९०० च्या सुमारास काश्मिरात ट्राउटची अंडी बोटीने आणवली. आमच्याकडचा कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळाचा गाळ चिवडतो. त्यांच्यापुढे पिसे नाचवून काय उपयोग? त्यांना कणकेची गोळीच हवी. साहेबांनाही हे कळले होते. 'द रॉड इन इंडिया' लिहिणाऱ्या थॉमसने १८८७ साली तळ्यातल्या गळावर वेगळे पुस्तक लिहिले. त्याच्याही साडेसातशे वर्षे आधी कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद घातला. कोणत्या माशाला कोणता चारा, याचा त्यात तपशील आहे. राजाला कणीक मळायची लाज वाटली नाही!

भाच्याचे एक म्हणणे मात्र खरे आहे. माशी बहुधा ओठात अडकते, आमिष मासा खोल गिळतो; सोडून द्यायचा असेल तर माशीचा मासा अधिक जगतो. मान्य. पण मी मासा खायला धरतो. ज्याला खायचाच नाही, त्याने त्याचा ओठ तरी का टोचावा? भुकेसाठी धरणारा अडाणी आणि करमणुकीसाठी छळणारा सभ्य, हा हिशेब मला अजून जमलेला नाही.

मला गळ शिकवला तो पैठणकडच्या एका म्हाताऱ्या भोईबाबांनी. पाण्यावरच्या बुडबुड्यांवरून खाली कोण चरते आहे, हे ते सांगत. पहाटे काठावर बसले की दोन-दोन तास शब्द नाही; माझा पाय हलला तर नुसते बघत. अंगठ्याशी दोरा धरून ते जे ऐकत, ते ऐकायला मला अकरा वर्षे लागली. "नुसती मासेमारी" हे शब्द मला लागले ते त्यांच्यासाठी.

भाचा यंदाही येतो आहे. काठी आण म्हणून मीच कळवले आहे. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी त्याला पैठणच्या खाली नदीवर नेईन; त्याने माशी टाकावी, मी गोळी टाकीन. शेजाऱ्यांसाठी कंदील दोन घेऊन ठेवले आहेत.