घाट चढणारे आणि घाट राखणारे

सन्मान कोणाचा करावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर सर्वांना आधीच पाठ असते. जो पहिला आला त्याचा! पहिल्याच्या गळ्यात हार, दुसऱ्याच्या हातात फूल, तिसऱ्याला टाळ्या. आणि उरलेल्यांनी सतरंज्या गुंडाळाव्यात. आमचे भांडण आहे ते या रीतीशी. ते नीट मांडता यावे म्हणून आम्ही वाचकांना थेट उत्तर इटलीत, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, कोमो सरोवराच्या काठी नेणार आहोत. हातात फराळाचे ताट असताना एवढा लांबचा प्रवास कशाला, असे कोणी म्हणू नये. प्रवास सायकलचा आहे खरा, पण पेडल दुसऱ्यांनी मारायचे आहे.

हे सरोवर तीन फाट्यांचे. ते जिथे दुभंगते त्या टोकावर बेलाज्जो नावाचे देखणे गाव आहे. तिथून एक रस्ता डोंगरात शिरतो आणि वळणे घेत घेत सुमारे साडेपाचशे मीटर वर चढून मग्रेल्यो या खेड्यापाशी खिंडीत पोहोचतो. खिंडीची उंची समुद्रसपाटीपासून ७५४ मीटर. खिंडीत एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. दरोडेखोर पाठीस लागले असता गिझाल्लो नावाच्या सरदाराने तिथल्या मेरीमातेच्या चित्रापाशी आश्रय घेतला आणि तो वाचला, अशी आख्यायिका आहे. म्हणून ती गिझाल्लोची मेरीमाता.

आता या घाटाचा ‘अधिकृत’ इतिहास ऐका. १९०५ साली मिलानच्या एका क्रीडा वृत्तपत्राने सायकलची एक शर्यत भरवली. ती जोव्हान्नी जेर्बीने जिंकली. पुढे तिला लोंबार्दी प्रांताचे नाव मिळाले आणि १९१९ साली गिझाल्लोचा घाट तिच्या मार्गात आला. ही शर्यत शरद ऋतूतली, म्हणून तिला ‘गळत्या पानांची शर्यत’ म्हणतात. फाउस्तो कोप्पीने ती १९४६ ते १९४९ अशी ओळीने चार वेळा आणि १९५४ साली पाचव्यांदा जिंकली. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने २०२१ ते २०२५ अशी सलग पाच वर्षे जिंकून त्याची बरोबरी केली. झाला इतिहास! चार नावे, काही साले आणि एक वृत्तपत्र.

यात खोटे काहीच नाही. पण अर्धे सांगून थांबणे हीसुद्धा एक लबाडीच असते. विजेता हा घाटाचा पाहुणा आहे. तो ऑक्टोबरातल्या एका दुपारी येतो, वाऱ्यासारखा चढतो, वाऱ्यासारखा उतरतो आणि संध्याकाळी आपल्या देशी जातो. घाट मात्र दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. त्याच्या काठची माणसेही तिथेच असतात. त्यांनी या सायकलीसाठी काय केले, हे विचारले की विद्वान मंडळी हसून सांगतात, “त्यांनी काय करायचे? सडक सरकारने बांधली, शर्यत वृत्तपत्राने भरवली, पाय खेळाडूंनी झिजवले. स्थानिक लोकांनी फार तर टाळ्या वाजवल्या!”

हा ‘स्थानिक’ शब्द तर आता शिवीसारखा वापरला जातो. स्थानिक पुढारी, स्थानिक कलावंत, स्थानिक वार्ताहर! जणू थोर माणसे कुठल्याच स्थानात राहत नाहीत, अधांतरी लोंबकळत असतात. या विद्वानांना आम्ही खिंडीतल्या त्या देवळाच्या दारात नेऊन उभे करू इच्छितो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तिथे डॉन एर्मेलिंदो विगानो नावाचे पाद्री होते. धापा टाकीत घाट चढलेले सायकलवाले देवळापाशी थांबतात, घाम पुसतात, घटकाभर हात जोडतात आणि पुढे जातात, हे ते पाहत होते. पाहत तर सारेच होते. विगानोंना त्यातून काही सुचले. ही माउली सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर व्हावी, असा ध्यास त्यांनी घेतला. १९४८ साली पोप बाराव्या पायसने रोममध्ये मशाल प्रज्वलित केली आणि सायकलस्वारांनी ती गिझाल्लोपर्यंत आणली. मशाल नेणाऱ्यांत बार्ताली आणि कोप्पी हे दोघे हाडवैरी म्हणून गाजलेले वीरही होते. १९४९ साली पोपने रीतसर घोषणा केली. आज जगभरचे सायकलस्वार या खिंडीला तीर्थ मानतात, ते जेर्बीने १९०५ साली शर्यत जिंकली म्हणून नव्हे. एका खेड्यातल्या पाद्र्याला थकलेली माणसे दिसली म्हणून! सांगा आता, याला टाळ्या वाजवणे म्हणायचे काय?

देवळात शिरा. भिंतींवर सायकली टांगल्या आहेत. कोप्पीची आहे, बार्तालीची आहे; पण आल्फोन्सिना स्त्रादाचीही आहे. या बाईने १९१७ साली लोंबार्दीची शर्यत पुरुषांच्या बरोबरीने पुरी केली. ती शेवटची आली, पण आली! १९२४ साली इटलीच्या महाशर्यतीत वादळवाऱ्यात तिचे हँडल मोडले, तेव्हा झाडूच्या दांड्याचा तुकडा बांधून ती पुढे गेली, असे सांगतात. आल्फोन्सिनाचे नाव पुष्कळ उशिराने का होईना, जगाने घेतले. पण झाडू देणाऱ्या घराचे नाव कोणत्या इतिहासात आहे?

आणखी एक गोष्ट पाहा. १९५६ च्या महाशर्यतीत फियोरेन्झो मान्यीचे गळ्याजवळचे हाड मोडले. हाताने हँडल ओढवेना. तेव्हा फालिएरो माझी या कारागिराने युक्ती काढली: ट्यूबचा तुकडा हँडलला बांधायचा आणि त्याचे टोक दातांत धरून सायकल ओढायची. मान्यीने तसे केले आणि तो शर्यतीत दुसरा आला. दातांत रबर धरलेल्या मान्यीचे छायाचित्र जगभर गाजले. ते छायाचित्र मान्यीच्या धैर्याचे आहेच. पण तितकेच ते चौकटीबाहेर उभ्या असलेल्या मिस्त्रीच्या डोक्याचेही आहे. मान्यीला स्वतःला हे कळत असावे. कारण म्हातारपणी त्याने आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावून देवळाशेजारी सायकलचे संग्रहालय उभे करवले. २००६ साली ते उघडले. विजेत्याने स्वतःपुरता पुतळा न मागता सगळ्यांसाठी घर मागावे, ही आमच्या मते त्याच्या तिन्ही महाशर्यतींच्या विजयांहून मोठी कामगिरी आहे.

टाळ्या वाजवणाऱ्यांची थट्टा करणाऱ्यांनी जवळच्या सोर्मानोच्या भिंतीची हकीगतही ऐकावी. ही खरीखुरी भिंत नव्हे. जेमतेम दोन किलोमीटरची अरुंद वाट, पण काही ठिकाणी शंभर मीटरला पंचवीस मीटर चढणारी. १९६० ते १९६२ अशी तीन वर्षे शर्यत तिथून गेली. भलेभले खाली उतरून सायकल ढकलू लागले आणि प्रेक्षकांनी इतक्यांना मागून रेटा दिला की खरा चढला कोण हेच कळेना! शेवटी ती वाट शर्यतीतून वगळावी लागली. पुढे ती पडीक झाली, आणि २००६ साली दुरुस्त होऊन २०१२ साली शर्यतीत परत आली. नियमाच्या दृष्टीने ते रेटे चूकच, हे आम्हांला मान्य आहे. पण ज्या मुलखात दमलेल्या परक्याला पाहून लोकांचे हात आपोआप पुढे होतात, त्या मुलखाचे सायकलीशी नाते काय आहे हे पुस्तकात शोधायला नको.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. “अहो, असे ज्याला त्याला मानपत्र वाटू लागलात, तर मानाची किंमत काय राहील?” दिसायला हा आक्षेप शहाणपणाचा आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. मान स्वस्त होतो तो पुष्कळांना दिल्याने नव्हे. न पाहता दिल्याने. ज्याने काही केले नाही त्याला शाल पांघरली की शालीची किंमत जाते. पण ज्याने वर्षानुवर्षे रस्त्यावरची खडी झाडली, शाळकरी पोरांच्या चेनी बसवून दिल्या, वळणावरचा खड्डा दिसताच जाऊन सांगितले, त्याचे नाव घेतल्याने कोप्पीचे पाच विजय चार होत नाहीत! मानाची विहीर उपसल्याने आटत नाही. न उपसल्याने तिचे पाणी नासते.

दुसरा आक्षेप असा की देवळात सायकली टांगणे म्हणजे भक्तीचा बाजार. तसे म्हणणाऱ्यांनी त्याच भिंतीवरच्या लहान लहान छायाचित्रांकडे पाहावे. ती रस्त्यावर प्राण गमावलेल्या सायकलस्वारांची आहेत, आणि त्यांतले बहुतेक कोणत्याच शर्यतीचे विजेते नव्हेत. त्यांच्याजवळच फाबियो कासार्तेल्लीची सायकल आहे. कोमोच्याच परिसरातला हा मुलगा. १९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले आणि १९९५ साली फ्रान्सच्या महाशर्यतीत डोंगर उतरताना पडून तो गेला. सुवर्णपदकवाला आणि अनोळखी सायकलवाला एकाच छपराखाली आहेत. ज्या बाजारात गिऱ्हाइकाची ऐपत विचारली जात नाही, त्याला बाजार म्हणू नये.

देवळाबाहेर ब्राँझचे एक शिल्प आहे. त्यात दोन सायकलस्वार आहेत: एक हात उंचावून जिंकलेला, दुसरा खाली पडलेला. शिल्पकाराने दोघांना एकाच चौथऱ्यावर बसवले. आमचे मागणे एवढेच आहे की त्या चौथऱ्यावर तिसऱ्यालाही जागा करावी: पडलेल्याला उचलणाऱ्याला. पुतळ्याची घाई नाही. शर्यतीची हकीगत लिहिणाऱ्यांनी विजेत्याच्या नावाखाली त्याच्या मिस्त्रीचे नाव छापावे. बक्षीस वाटणाऱ्यांनी व्यासपीठावर एक खुर्ची घाट राखणाऱ्यांसाठी ठेवावी. याला पैसे लागत नाहीत, फक्त मान वळवून पाहावे लागते.

आणि वाचकहो, हे सारे इटलीतल्या लोकांना सांगून आपण मोकळे झालो असे समजू नका. आपल्यांतला प्रत्येक जण सायकल शिकला तेव्हा मागची सीट धरून कोणीतरी धावत होते. तोल सावरला त्या क्षणी त्याने हात सोडला, आणि आपण मागे न पाहता पुढे गेलो. सायकल तशीच शिकतात. त्यात अपराध काही नाही. पण वेग आल्यावर, घाट चढून झाल्यावर आणि गळ्यात हार पडल्यावरही जो मागे वळून पाहत नाही, तो जिंकला असेल. शिकला मात्र नाही.