गव्हाची ओल आणि बुरशीचे विष

वर्षाचे धान्य उन्हाळ्यात भरून ठेवणे ही आपल्याकडील जुनी रीत होय. पोटासाठी खानदेश सोडून सुरतेच्या लिंबायत भागात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांनीही ती टाकलेली नाही. परंतु तेथे लहानशा खोलीत कोठी भिंतीला टेकूनच ठेवावी लागते, आणि पावसाळ्यात मीठी खाडी फुगली की ओल प्रथम तिलाच गाठते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला, तेव्हा तर शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा वेळी गृहिणीपुढे प्रश्न उभा राहतो : ओला गहू टाकावा, की ऊन दाखवून खावा?

याचे उत्तर समजण्यासाठी बुरशीचा स्वभाव जाणला पाहिजे. गव्हात ओलाव्याचे प्रमाण सुमारे १२ टक्के असेपर्यंत बुरशीला वाढता येत नाही. ते १४ टक्क्यांवर गेले की ती डोके वर काढते. दमट हवेतला गहू हवेतूनच पाणी ओढून घेतो. त्यातच उष्णता २५ ते ३५ अंश सेल्सियस असली, म्हणजे अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा घात करणारे विष तयार होण्यास अगदी अनुकूल काळ आला. सुरतेचा श्रावण नेमका असाच असतो! शिवाय बुरशी वाढताना स्वतःच उष्णता व ओल निर्माण करते. म्हणून पोत्याच्या मध्यभागी हात घातल्यास गहू गरम लागतो.

हे विष किती भयंकर असते, ते १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत दिसून आले. अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका गरिबांनी खाल्ला. ३९७ जणांना कावीळ झाली आणि त्यांपैकी १०६ दगावले. १९८७ साली काश्मीर खोऱ्यात पावसात सापडलेल्या गव्हाच्या रोट्या खाऊन असंख्य लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. तेथील विष दुसऱ्या जातीच्या बुरशीचे होते; पण निमित्त ओलीचेच.

ऊन दाखविल्याने बुरशीची वाढ थांबते, परंतु आधी तयार झालेले विष जात नाही. तव्यावरच्या आचेनेही ते पुरते नष्ट होत नाही. म्हणून हवेने नुसता सर्दावलेला गहू त्याच दिवशी पातळ पसरून कडकडीत वाळवावा. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला, की तो वाळला असे समजावे. कोठी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी आणि गहू गरम असताना कधीही भरू नये.

मात्र कुबट वास आलेला, काळवंडलेला वा पुराच्या पाण्यात बुडालेला गहू मन घट्ट करून टाकावा. तो कोंबड्यांना वा गाईलाही घालू नये. कारण हे विष गाईच्या दुधातून पुन्हा आपल्याच मुलांच्या पेल्यात येते. वर्षाचे धान्य गेल्याचे दुःख मोठे खरे, पण ते भरून काढता येते.