उपवासानंतरच्या आकड्यावर भरवसा नको

दोन दिवस निरंकार उपवास करून सकाळी अनशेपोटी तपासलेली साखर कमी आली, की मधुमेह हटला असे अनेकांना वाटते. हा समज घातक आहे. यकृतात सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेले असते आणि एकट्या मेंदूला दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागते, त्यामुळे हा साठा दिवसभरात संपत येतो. स्नायूंत याहून बरेच जास्त ग्लायकोजेन असते, पण त्यापासून ग्लुकोज करून रक्तात सोडणारे एन्झाइमच त्यांच्याकडे नाही. मग इन्सुलिन घटते, ग्लुकागॉन वाढते आणि यकृत लॅक्टेट, ग्लिसरॉल व अमिनो आम्लांपासून नवे ग्लुकोज बनवू लागते. स्नायू चरबीवर भागवतात. उरलेसुरले ग्लुकोज मेंदूसाठी राखले जाते. कमी आलेला आकडा या काटकसरीचा आहे.

याच काटकसरीची दुसरी बाजू उपवास सोडल्यावर दिसते. चरबी जळू लागली की स्नायूंतील ग्लुकोजचा वापर मंदावतो, हे फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मांडले. म्हणून दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या निरोगी माणसाला ग्लुकोज पाजले, तर त्याची साखर एरवीपेक्षा जास्त चढते आणि सावकाश उतरते. ग्लुकोज सहनशीलता चाचणीपूर्वी तीन दिवस रोज 150 ग्रॅमहून अधिक कर्बोदके पोटात जावीत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष याच कारणासाठी आहे. अशा वेळी चढलेला आकडा मधुमेहाचा पुरावा ठरत नाही, तसाच आधीचा उतरलेला आकडा बरे झाल्याचाही ठरत नाही.

ठरावीक तासांतच जेवणाऱ्या अनेकांची साखर सुधारते, असा आक्षेप येईल. ते खरे आहे, पण त्यात मोठा वाटा आठवडे-महिने टिकलेल्या वजनघटीचा असतो. एक-दोन दिवसांच्या लंघनातून ती मिळत नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाणाऱ्यांच्या पोटात तर मुख्यतः स्टार्चच जातो, त्यामुळे वर सांगितलेला बदल शरीरात नीट सुरूही होत नाही. श्रद्धेने केलेल्या व्रताला शर्करेच्या हिशेबाची गरज नाही. मात्र इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्याची साखर उपवासात धोकादायकरीत्या घसरू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका, एका सकाळच्या आकड्यावरून औषध बंद करू नका आणि प्रकृतीचा निवाडा दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए1सी चाचणीवर सोपवा.