समजून घ्या : कॉलेजच्या पार्टीत ‘सगळेच पितात’ हे खरं आहे का? ‘मला नको’ म्हणणाऱ्यालाच कारण का द्यावं लागतं?

अहिल्यानगर : सेमिस्टरचा शेवटचा पेपर संपला की हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, ‘आज बसायचं का?’ बसायचं म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. कॉन्ट्री ठरते, रूम ठरते, चकना कोण आणणार तेही ठरतं. तेवढ्यात एखादा म्हणतो, ‘मला नको.’ लगेच प्रश्न येतो, ‘का रे?’

पिणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. लोणी, संगमनेर, कोपरगाव, राहुरी, विळद घाट अशा ठिकाणच्या शैक्षणिक संकुलांत राज्यभरातून मुलं येतात. त्यातली बरीच पहिल्यांदाच घराबाहेर राहत असतात. ग्रुपमधून बाहेर पडण्याची भीती त्यांना दारूच्या भीतीपेक्षा मोठी वाटते.

कोणतं कारण चालतं?

‘गळ्यात माळ आहे’ म्हटलं की विषय संपतो. वारकऱ्यांच्या या भागात माळेचा मान अजून राखला जातो. ‘श्रावण पाळतोय’ चालतं. ‘गोळ्या सुरू आहेत’ हे तर सगळ्यांत सोपं, म्हणून ठणठणीत मुलंही तेच सांगतात. ‘मला आवडत नाही’ एवढंच म्हटलं तर मात्र आग्रह सुरू होतो. ‘एक घोट घे’, ‘बिअर म्हणजे काय दारू आहे का?’

म्हणजे देवाचा किंवा डॉक्टरचा नकार मान्य आहे, मुलाचा स्वतःचा नाही. खरी अडचण इथे आहे. श्रावण एका महिन्यात संपतो. गोळ्यांचं कारणही फार दिवस पुरत नाही.

मुलींची कोंडी वेगळी. प्यायली तर नाव ठेवतात, नाही म्हटलं तर ‘काकूबाई’ म्हणून हसतात.

सगळेच पितात का?

नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्के मद्य घेतात. महिलांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. असे प्रश्न विचारले की लोक हात राखून उत्तर देतात, हे खरं. पण पुरुषांचा आकडा दुप्पट धरला तरी दहापैकी सात जण न पिणारेच निघतात.

मग उलटं का वाटतं? पार्टीचे फोटो स्टेटसवर येतात, रूमवर झोपलेल्याचे येत नाहीत. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. कॅम्पसवरचं पिणं प्रत्येकाला थोडं खटकत होतं, पण बाकीच्यांना ते चालतं असं प्रत्येकाला वाटत होतं. पुढे तिथल्याच नव्या विद्यार्थ्यांना हा गैरसमज चर्चेतून समजावून सांगितला, तेव्हा काही महिन्यांनी त्यांचं पिणं तुलनेने कमी आढळलं.

कायदा काय सांगतो?

‘परमिट रूम’ हा शब्द मुळात कायद्यातून आला आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार राज्यात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे, इतर मद्यासाठी २५. अठराव्या वर्षी इंजिनीअरिंगला आलेला मुलगा बाविसाव्या वर्षी डिग्री घेऊन बाहेर पडतो. म्हणजे चारही वर्षं व्हिस्की-रम त्याच्यासाठी कायद्याबाहेरच असते.

सीनियरने ज्युनियरला बळजबरीने पाजणं ही ‘गंमत’ नाही, ते रॅगिंग आहे. राज्याच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

न पिणाऱ्याचा हिशेब

ग्रुपमध्ये टिकायचं म्हणून अनेक जण नुसते ‘बसायला’ जातात. त्यांनी कोल्ड्रिंक आणि मूठभर शेंगदाणे घेतले तरी बिल समान वाटलं जातं. वर उलटी झालेल्याला सांभाळायचं आणि गाडी चालवायचं कामही त्यांच्याकडेच.

तो नसेल तर धोका वाढतो. नगर-मनमाड रस्त्यावरच्या ढाब्यावरून रात्री एका बाइकवर तिघं परततात, तेव्हा हँडल कुणाच्या हातात आहे यावर तिघांचे जीव अवलंबून असतात. लिंबूपाणी, कॉफी किंवा गार पाण्याच्या आंघोळीने दारू उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करतं, साधारण एका पेगला एक तास. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

राळेगण आणि हिवरे बाजारने काय केलं?

गटाच्या दबावाची ताकद या जिल्ह्याने उलट्या दिशेनेही पाहिली आहे. १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत गावातल्या तरुणांना सोबत घेऊन दारूभट्ट्या बंद केल्या. हिवरे बाजारमध्ये १९८९ मध्ये सरपंच झालेल्या पोपटराव पवार यांच्या काळात नशाबंदी हा गावाच्या नियमांचाच भाग झाला.

राळेगणमध्ये पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारहाणही झाली आणि त्यावर टीकाही झाली. ती वाट हॉस्टेलला नको. बळजबरीने सोडवणं आणि बळजबरीने पाजणं, दोन्हींत समोरच्याची मर्जी गृहीत धरलेली असते. घेण्यासारखा धडा एवढाच, की गावाची रीत गावानेच बदलली. ग्रुपची रीतही ग्रुपच बदलू शकतो.

मग करायचं काय?

सुरुवात कॉन्ट्रीपासून करता येईल. दारूचं बिल वेगळं, जेवणाचं वेगळं. परतीची गाडी कोण चालवणार हे आधी ठरवायचं आणि त्याच्या जेवणाचे पैसे बाकीच्यांनी भरायचे. ‘नको’ एकदा ऐकलं की पुन्हा आग्रह नाही. कॉलेजांनीही ३१ डिसेंबरच्या आदल्या दिवशी नोटीस लावून थांबू नये. संध्याकाळी सातनंतर मुलांनी जायचं कुठे, याचं उत्तर मैदान, वाचनालय आणि नाटकाच्या तालमीसाठी उघडी ठेवलेली खोली देऊ शकते.

कुणी बेशुद्ध पडलं तर त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि १०८ ला फोन करा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक ताणासाठी १४४१६ आणि रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हे क्रमांक आहेत.

बाकी बदल एका प्रश्नाचा आहे. पुढच्या वेळी कुणी ‘मला नको’ म्हटलं, तर ‘का रे?’ ऐवजी ‘मग तुला काय मागवू?’ एवढं विचारलं तरी पुरे.