थरथरणारे इंजिन आणि कुलूपबंद माहिती

गाडी सिग्नलला उभी आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि स्टिअरिंग हाताला थरथरते आहे. आरपीएमचा काटा सातशे-आठशेच्या आसपास स्थिर राहायचा सोडून खाली-वर नाचतो, एसी लावला की इंजिनाला धाप लागते. गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग' करते, तिचा 'स्लो' बसत नाही. हे दुखणे जुनेच. प्रीमियर पद्मिनीच्या मालकालाही ते ठाऊक होते आणि आजच्या बीएस-६ गाडीच्या मालकालाही आहे. बदलले आहे ते त्यावरचे औषध, औषध देणारा आणि अर्थात बिल.

मुळात हे दुखणे गाडी उभी असतानाच का जाणवते? धावत्या इंजिनात हवा आणि पेट्रोल दोन्ही भरपूर असते. एखादी लहानशी चूक त्या ओघात खपून जाते. इंजिन 'स्लो'वर असते तेव्हा मात्र ते जेमतेम स्वतःपुरते जगत असते. एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे वजनाचे प्रमाण थोडे बिघडले किंवा चार सिलिंडरांपैकी एकाची ठिणगी हुकली की ते लगेच अडखळते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा तिला कार्बोरेटरच होता. त्या काळचा मिस्त्री बॉनेट उघडायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि पेचकसाने दोन स्क्रू फिरवायचा. एक 'स्लो'चा, दुसरा पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा. तेवढ्याने भागले नाही तर एकेका प्लगची वायर काढून पाहायची. जी काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. प्लग काढला की त्याचा रंग सांगायचा : कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट पडला असेल तर कमी. हे सारे ज्ञान उघडे होते. नाना पेठेत सुटे भाग मिळत आणि ते बसवण्याचे शिक्षण उस्तादाच्या हाताखाली मिळे.

हा कारभार बदलला तो हवेच्या प्रदूषणामुळे, आणि बदलायलाच हवा होता. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ एप्रिल २०२० पासून आपण बीएस-५ ची पायरी ओलांडून थेट बीएस-६ वर गेलो. मिश्रणाचे प्रमाण इतके काटेकोर राखणे स्क्रूच्या आवाक्यातले नव्हते. ते काम संगणकाकडे गेले. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर धुराची चव घेतो, संगणक त्यानुसार पेट्रोल कमीजास्त करतो, आणि हे सतत चालू असते. पीयूसीच्या तपासणीत गाडीचा धूर 'स्लो'वरच मोजला जातो. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल चारचाकीला तिथे कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. जुन्या गाड्यांना ती ३ टक्के होती. म्हणजे थरथर ही केवळ गैरसोय नव्हे. न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो तापतो, आतून वितळतो, आणि काही हजारांचे काम बघता बघता फार मोठे होते.

तेव्हा स्क्रूच्या जमान्याबद्दल उसासे टाकण्यात अर्थ नाही. नवी व्यवस्था दोष शोधायलाही जुन्यापेक्षा चांगली आहे, पण ती वाचता आली पाहिजे, आणि घोडे नेमके इथेच पेंड खाते. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ पासून ते सर्व गाड्यांना सक्तीचे आहे. आपल्याकडे ही स्वयंतपासणीची व्यवस्था बीएस-४ च्या काळात, २०१० ते २०१३ दरम्यान, टप्प्याटप्प्याने आली. त्यात स्कॅनर जोडला की कोड मिळतो. समजा 'पी०३०३' आला. अर्थ एवढाच, की तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. कारण कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल किंवा उंदराने कुरतडलेली वायर असेल. (पावसाळ्यात बॉनेटखाली बिऱ्हाड करणाऱ्या उंदरांचा कोड अजून कोणत्याही कंपनीने काढलेला नाही.) जाणता मेकॅनिक तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावतो. कोड 'पी०३०२' झाला तर कॉइल दोषी. तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष, पुढे चला. या परीक्षेला खर्च पाच-दहा मिनिटांचा.

किंवा 'पी०१७१' : मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. ऑक्सिजन सेन्सरने तशी तक्रार केली, म्हणून तो सेन्सरच बदलण्याची पद्धत सर्रास दिसते. तक्रार आणणाऱ्यालाच शिक्षा! स्कॅनरवर आणखी एक आकडा असतो : संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त देतो आहे. आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या गाड्यांत हा आकडा 'स्लो'वर मोठा असेल आणि रेस वाढवून अडीच हजार आरपीएमवर नेल्यावर खाली येत असेल, तर एखाद्या फाटक्या रबरी नळीतून न मोजलेली हवा शिरते आहे असा दाट संशय घ्यावा. उलट रेस वाढवल्यावर आकडाही वाढला तर पेट्रोल पंप किंवा फिल्टर पाहावा. अनेकदा तर थ्रॉटल बॉडीवर कार्बनचा थर बसलेला असतो आणि तो साफ करणे पुरते. पण काही गाड्यांत सफाईनंतर संगणकाला 'स्लो' नव्याने शिकवावा लागतो, आणि त्यासाठी कंपनीचे उपकरण किंवा तितकेच महाग बाहेरचे उपकरण लागते. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याचा हात इथे थांबतो. मग तो अंदाजाने भाग बदलत जातो, किंवा मालक मुकाट्याने अधिकृत वर्कशॉपची वाट धरतो. तिथे तरी कोड वाचून थेट भाग बदलण्याचा मोह होत नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का?

हा प्रश्न सरकारदरबारी नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात येऊ देत नाहीत म्हणूनच. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आदेशात होते. पुढे अपिले झाली, काहींचा दंड कमी झाला, वर्षे गेली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच कायदा करून ही माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली केली. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केले. त्यात मोटारी आहेत. कायद्याची सक्ती नाही. कोणाच्याही हाती साधने दिली तर प्रदूषण-नियंत्रणाशी आणि सुरक्षेशी छेडछाड होईल, असे कंपन्या म्हणतात. चोरीविरोधी कुलपाच्या बाबतीत हे मान्य करता येईल. 'स्लो' शिकवण्याच्या आज्ञेत कसले गुपित आहे?

त्यातच इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठल्याचे सरकारने जाहीर केले. उसाच्या आपल्या राज्यात त्याचे स्वागत होणे साहजिकच. पण तेवढ्याच हवेला हे इंधन थोडे जास्त लागते, आणि इथेनॉल पाणी शोषते. संगणकवाली गाडी प्रमाण बऱ्याच अंशी सांभाळून घेते, कार्बोरेटरवालीला ते जमत नाही. जुन्या गाड्यांतल्या रबरी भागांचा प्रश्न वेगळाच. मात्र प्रत्येक थरथरीचे खापर इथेनॉलवर फोडणे ही नवी सोय झाली आहे, तिला बळी पडू नये.

गाडी वर्कशॉपमध्ये सोडताना वाचकांनी निदान तीन गोष्टी लेखी मागाव्यात : कोणता कोड आला, तो भाग दोषी असल्याचे कोणत्या तपासणीने ठरवले, आणि काढलेला जुना भाग. बिलावर तपासणीची मजुरी वेगळी लावली असेल तर त्याबद्दल कुरकूर करू नये. सेन्सरच्या किमतीपेक्षा ती बहुधा कमीच असते.