कन्हानकाठची थडगी

औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी क्षितिजावर उभी राहिल्यापासून खापरखेड्याची ओळख कोळसा आणि राख या दोन शब्दांत आटोपण्याची आपणा सर्वांस सवय झाली आहे. परंतु येथून अगदी जवळच्या सिलेवाड्याच्या दगडखाणींत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक स्कॉटिश पाद्री हातोडी घेऊन हिंडत असे, आणि वाळुकाश्माचे थर फोडून जिभेच्या आकाराच्या, मधोमध ठसठशीत शीर असलेल्या पानांचे ठसे जपून घरी नेत असे, हे आपल्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी गेले असेल. त्या पानांस शास्त्रज्ञ ‘ग्लॉसोप्टेरिस’ म्हणतात. ज्या प्राचीन अरण्यांत ती वाढली, तशाच अरण्यांचा कोळसा आज आपल्या भट्ट्यांत जळतो. आणि अशाच पानांच्या आधारे पुढे दक्षिण गोलार्धातील खंड एके काळी एकत्र होते या कल्पनेस बळ मिळून त्या महाखंडास आपल्या गोंडांचे नाव लागले.

हा पाद्री म्हणजे स्टीफन हिस्लॉप. १८४५ साली तो नागपुरास आला, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी, सेहेचाळिसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर असताना, आजच्या बुटीबोरीच्या आसमंतातील टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना संध्याकाळी पुराच्या नाल्यात बुडाला; घोडा तेवढा स्वाराविना मुक्कामी पोहोचला. त्याचा देह नागपुरातच विसावला. त्याच्या नावाच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या किती पदवीधरांनी त्याच्या थडग्याची चौकशी केली असेल, हा प्रश्न मी स्वतःसकट सर्वांस विचारतो.

तथापि हिस्लॉपची उपेक्षा ही तक्रारीची खरी बाब नव्हे, कारण त्याच्यासारख्यांची नोंद ठेवणारे दप्तर तरी होते. ओ. एस. क्रॉफ्टन यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील थडग्यांवरील आणि स्मारकांवरील लेखांची यादी तयार केली व ती १९३२ साली सरकारने छापली. तिचा रोख युरोपियांवर होता. मृत्यूचे वर्ष, पलटण, हुद्दा असा तपशील जमवून अमलदारांनी आपल्या माणसांची मिसल बंद केली. हिस्लॉपने टिपून घेतलेले आणि १८६६ साली रिचर्ड टेंपल या अमलदाराने प्रसिद्ध केलेले लिंगो या पुराणपुरुषाचे गीत ज्या गोंड परंपरेतून उतरले, तिच्या गायकांसाठी मात्र त्या मिसलीत रकाना नव्हता. परकी सत्ता आपल्या मृतांची कदर करते, यात नवल नाही. नवल याचे, की स्वराज्य येऊन इतकी दशके लोटली तरी आपण त्या दप्तरात आपले एकही पान जोडले नाही.

जोडण्याजोगी पाने काय थोडी आहेत? कामठीच्या छावणीत १८६१ साली जन्मलेले, फौजेची नोकरी सोडलेले आणि १८९२ पासून १९०८ पर्यंत नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेलेले ताजुद्दीन बाबा रघुजीराव भोसल्यांच्या खटपटीने मुक्त झाले, आपल्याच सावनेर तालुक्यातील वाकीत काही काळ राहिले, आणि १९२५ साली निवर्तल्यावर उमरेड रस्त्यावरील ताजबागेत विसावले. सरकारने ज्यास वेडा ठरविले त्याच्या मजारीवर हिंदू-मुसलमान दोघेही चादर चढवितात, तेव्हा कागदोपत्री दाखल्यापेक्षा लोकांचा निवाडा अधिक टिकाऊ ठरला, असेच म्हणावे लागते. उलट कामठीतील बाबू हरदासांची गोष्ट पाहा. विडी कामगारांची संघटना बांधणारा, १९३७ साली कायदेमंडळात निवडून गेलेला, ‘जय भीम’ हे अभिवादन घरोघरी नेणारा हा माणूस १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने गेला, तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. कन्हानच्या काठी त्याचे स्मारक आहे. ‘जय भीम’ आज देशभर उच्चारले जाते, पण ते रूढ करणाऱ्याचे नाव किती जणांस सांगता येईल?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की कामठी आणि सावनेर या दोन तालुक्यांपुरते तरी एक दप्तर तयार व्हावे. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी मिळून ते करावे, आणि त्यात पाद्री, फकीर, पुढारी, गोंड, शिपाई हे सर्व एकाच वहीत यावेत. गोऱ्यांची थडगी आपण का सांभाळावी, असा आक्षेप येईल. तो मला मान्य नाही. ती माती आपल्या मौज्यातील आहे, आणि सातबाऱ्यावर ‘दफनभूमी’ एवढा कोरडा शब्द लिहून तिचा हिशेब चुकता होत नाही.

मागील हिवाळ्यात एका दुपारी मी अशाच एका जुन्या दफनभूमीत गेलो होतो. शेंदरी रंगाची एक फरशी गवतातून डोके वर काढून होती. तिच्यात बसविलेली शिशाची अक्षरे बरीचशी निखळली होती आणि ती जेथे रुतली होती तेथे बारीक छिद्रे उरली होती. नाव काही केल्या जुळेना. शेळ्या चारणारा एक पोरगा येऊन उभा राहिला व म्हणाला, “हे कोनाचं आहे जी?” मी छिद्रांवरून बोट फिरवीत खालची ओळ तेवढी लावली आणि त्यास सांगितले: वय दोन वर्षे, चार महिने.

“लहानच होतं मग,” तो म्हणाला, आणि शेळ्यांमागे गेला.