करमाफी आहे, हिशेबमाफी नाही

गेल्या रमजानात मी जकातीतले पंधरा हजार रुपये गावाकडच्या एका शैक्षणिक ट्रस्टला यूपीआयने पाठवले आणि 80जीची पावती मागितली. खजिनदार चाचा हसून म्हणाले, "बेटा, सवाब होना के रसीद?" बसलेले सगळे हसले. मी गप्प राहिलो. तिथे मी चुकलो.

"ट्रस्ट करमुक्त आहे" हे वाक्य आपल्याकडे "आम्हाला विचारणारे तुम्ही कोण?" अशा सुरात म्हटलं जातं. कायदा याच्या उलट सांगतो. करमाफी नोंदणी करून मिळते आणि अटी पाळल्या तरच टिकते. साधारण नियम असा की वर्षाच्या उत्पन्नातला किमान 85 टक्के पैसा ट्रस्टच्या उद्दिष्टांवर खर्च व्हावा. त्यातून विश्वस्तांचा किंवा त्यांच्या नातेवाइकांचा फायदा झाला, तर माफी धोक्यात येते. कर शून्य असला, तरी ठरावीक उत्पन्नापुढे ऑडिट आणि रिटर्न चुकत नाही.

आता पावतीचं बघा. निव्वळ धार्मिक ट्रस्टला, म्हणजे मशिदीच्या गल्ल्याला, निनावी देणगीवरचा कर लागत नाही. शिष्यवृत्ती किंवा दवाखाना चालवणाऱ्या धर्मादाय ट्रस्टला मात्र लागतो. एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या 5 टक्के, यांतली मोठी रक्कम वगळून उरलेल्या निनावी देणग्यांवर 30 टक्के! देणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायचा आळस केला, की एखाद्या मुलीच्या फीचे पैसे सरकारी तिजोरीत जातात.

काही जण म्हणतात, "कागद ठेवले की सरकारच्या हाती कोलीत." ही भीती मला कळते. पण चौकशीच्या दिवशी कच्ची वहीच कोलीत ठरते, पक्की वही ढाल होते.

राहिला सवाब. नियत अल्लाह जाणतो, हिशेब माणसांना दाखवावा लागतो. सूरह बकराची 282 वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. मग यतीमांची अमानत तोंडी का?

दोस्तांनो, चंदा देताना विचारा: नोंदणी आहे का? ऑडिट झालं का? पावती कधी? आणि नुसतं विचारून थांबू नका. ज्यांना एक्सेल येतं, त्यांनी आठवड्यातले दोन तास ट्रस्टच्या वहीला द्यावेत. मी चाचांना पुन्हा फोन केला. पावती मागितली, आणि वही लिहायला दर रविवारी बसेन, असंही सांगितलं.